लिंबोणीवरील अनाहूत

पावसाळा मध्यावर आला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. चैत्र-वैशाखांत लोणचीं, पापड, मुलांच्या सुट्या आणि पाहुण्यांची वर्दळ ह्यांविषयीं लिहिणारे वाचक श्रावणाच्या सुमारास परसांत उतरतात आणि मग तक्रारींस आरंभ होतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. अळूच्या पानांस भोंकें पडलीं. तुळशीच्या मंजिऱ्यांवर कसलेसे काळे किडे आले. कुंडीखालीं गोम निघाली. ह्या तक्रारींस आम्ही आजवर यथामति उत्तरें देत आलों. परंतु गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें जें पत्र आलें, तें केवळ किड्यांविषयीं नव्हतें. म्हणून त्यास स्वतंत्र जागा देणें आम्हांस अवश्य वाटलें.

ह्या बाईंचें घर मोठें आहे. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें आणि वयोवृद्ध दीर असें सारें एकत्र नांदतें. परसांत त्यांनीं स्वतः लावलेली लिंबोणी आहे. यंदा पहिल्या पावसानंतर तिला जी कोंवळी पालवी फुटली, ती पंधरा दिवसांत सुरवंटांनीं खाऊन टाकली. धाकट्या चिरंजीवांनीं दुकानांतून औषधाची बाटली आणली. थोरल्या सूनबाईंनीं ती फवारूं दिली नाहीं. त्याच झाडाचीं लिंबें मुलांच्या सरबतांत जातात, असें त्यांचें म्हणणें. दिरांनीं जीवहत्येचा मुद्दा काढला. हा वाद चालला असतां आठ वर्षांच्या नातवानें कोणासही न कळत तीन सुरवंट कंपासपेटींत दडवून ठेविले. पेटी उघडकीस आली तेव्हां त्यास मार बसला, आणि तो आपल्याच हातचा, असें बाईंनीं प्रांजळपणें लिहिलें आहे. 'आमच्यांत कोणाचें बरोबर?' असा त्यांचा प्रश्न आहे. आणि पत्राच्या अखेरीस, जणूं सहज सुचलें म्हणून, 'नातू तेव्हांपासून माझ्याजवळ निजावयास येत नाहीं' असेंही एक वाक्य आहे.

आमचें उत्तर आम्ही आधींच देऊन टाकतों. सर्वांत अधिक बरोबर कोणाचें असेल तर तें नातवाचें, आणि त्याच्या खालोखाल थोरल्या सूनबाईंचें. बाटली दुकानदारास परत करावी. तो न घेईल तर कुलुपांत ठेवावी, परंतु लिंबोणीवर रिकामी करूं नये. आणि ज्या हातानें मार दिला त्याच हातानें नातवास एक रुंद तोंडाची कांचेची बरणी द्यावी. बरणीचें काय करावयाचें तें पुढें सांगतों. तत्पूर्वीं ह्या सुरवंटाची ओळख करून देणें प्राप्त आहे, कारण ज्याचा खून करावयाचा त्याचें नांवही आपणांस ठाऊक नसावें, हें सुशिक्षित घरास शोभत नाहीं.

लिंबोणीवरील हा सुरवंट ज्या फुलपांखराचा, तें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची दाटी, मागच्या पंखांच्या आंतल्या कोंपऱ्याशीं एक तांबडा ठिपका आणि त्यास लागून निळसर झांक, असें त्याचें रूप. इंग्रजींत त्यास 'लाइम बटरफ्लाय' म्हणतात. शास्त्रीय नांव पॅपिलिओ डेमोलिअस. तें अंगणांत शिरलें म्हणजे आपणच मुलांस 'बघ, बघ' म्हणून हांक मारतों. महिन्यापूर्वीं ह्याच जीवाच्या भावंडांस आपण चिमट्यानें उचलून रॉकेलांत टाकलेलें असतें, हा संबंध त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मादी लिंबोणीभोंवतीं घिरट्या घालते, कोंवळ्या पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनीं तें पान वाजवून पाहते. फुलपांखरांस पायांनीं चव कळते. पान लिंबाच्या जातीचें आहे अशी खात्री पटली म्हणजे पोट वांकवून ती मोहरीएवढें एकच पिवळसर अंडें त्यास चिकटविते आणि दुसऱ्या पानाकडे जाते. एका पानावर दहा पोरें सोडून त्यांच्यांत भांडणें लावण्याची चूक ती सहसा करीत नाहीं. तीन-चार दिवसांनीं अंड्यांतून निघालेला सुरवंट प्रथम स्वतःच्या अंड्याचें टरफल खातो आणि मग पानास तोंड लावतो. ह्या वयांत तो काळपट तपकिरी असून त्याच्या अंगावर पांढरा डाग असतो. पाहणारास वाटावें कीं पक्ष्यानें पानावर घाण केली आहे! त्याचें संरक्षण तेंच. जो पक्षी त्याला खावयाचा, त्याच पक्ष्याच्या विष्ठेचें सोंग घेऊन तो भर दिवसां पानाच्या मध्यभागीं स्वस्थ बसतो.

चार वेळां कात टाकून तो मोठा होतो. शेवटची कात टाकली म्हणजे हें सोंग संपतें, कारण दीड इंच लांबीचा देह विष्ठा म्हणून खपणें कठीण. आतां तो हिरवागार होतो. अंगावर तिरप्या तपकिरी पट्ट्या उमटतात आणि मानेशीं डोळ्यांसारखे दोन ठिपके दिसूं लागतात. ते डोळे नव्हेत, पण समोरच्यास तसे वाटावेत अशी योजना आहे. त्यास काडीनें हलकेंच डिवचलें तर डोक्याच्या मागून एक तांबूस, दुबेळक्याच्या आकाराचें मऊ शिंग बाहेर येतें आणि उग्र वास सुटतो. तो वास त्यानें खाल्लेल्या पानांतील द्रव्यांशीं संबंध ठेवणारा असतो. हें शिंग टोंचत नाहीं, विषारी नाहीं, आणि मुलांच्या बोटांस त्यापासून कांहीं इजा होत नाहीं.

मग एके दिवशीं तो खाणें थांबवितो आणि अस्वस्थपणें हिंडूं लागतो. जागा पसंत पडली म्हणजे काडीवर रेशमाचा लहानसा ठिपका विणून त्यांत शेपटीचें टोंक रोंवतो, नंतर कमरेभोंवतीं रेशमाचा एक फांस घेतो. माडावर चढलेला पाडेली कमरेचा दोर ताणून मागें रेलतो ना, अगदीं तसा तो रेलतो. आणि ह्याच आसनांत त्याची शेवटची कातडी गळून कोश तयार होतो. पानांत असेल तर कोश हिरवा, सुक्या लांकडावर असेल तर तपकिरी. आंत सुरवंटाच्या देहाचा बराचसा भाग विरघळून जातो. पंख, पाय, सोंड ह्यांचे अंकुर मात्र त्याच्या पोटांत आधींपासून सूक्ष्म रूपानें असतात, ते आतां वाढीस लागतात. हवा उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत कोश उकलतो.

ज्यांस पूर्वजन्माच्या गोष्टींत गोडी आहे अशा वाचकांसाठीं येथें एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. २००८ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं तंबाखूच्या झाडावरील एका पतंगाच्या सुरवंटांस विशिष्ट वास व विजेचा सौम्य धक्का एकाच वेळीं देऊन त्या वासाचा तिटकारा शिकविला. मोठ्या वयांत शिकविलेल्या सुरवंटांचे पुढें पतंग झाले तेव्हां तेही तो वास टाळीत, असें आढळून आलें. देह विरघळला तरी धडा सर्वस्वीं विरघळला नाहीं! मारामुळें मुलें काय लक्षांत ठेवितात, हा विषय निराळा आहे. पण तो आठवल्यावांचून राहत नाहीं.

लिंबोणीवरून सहज कढीपत्त्याकडे येतां येतें, कारण दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं. कढीपत्त्यावर असाच एक सुरवंट येतो. त्याचें फुलपांखरूं काळें असून नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक माळ असते. इंग्रजींत त्यास 'कॉमन मॉर्मन' म्हणतात. ह्याची मादी तीन रूपांत आढळते. एक नरासारखीच, दुसऱ्या दोन मात्र पार वेगळ्या, तांबड्या-पांढऱ्या नक्षीच्या, आणि त्या हुबेहूब 'रोझ' नांवाच्या दोन परक्या फुलपांखरांसारख्या दिसतात. ह्या रोझ फुलपांखरांचे सुरवंट सापसंदाच्या वेलीवर वाढतात. त्या वेलीचें विष त्यांच्या अंगांत उतरतें, म्हणून एकदां तोंड पोळलेला पक्षी पुन्हां त्यांच्या वाटेस जात नाहीं. आमच्या कढीपत्त्यावरील मादीच्या अंगांत विषाचा थेंबही नसतो. ती केवळ वेष घेते. आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्यानें पूर्वेकडील बेटांत आठ वर्षें भटकून आल्यावर १८६५ मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत ह्या वेषांतराचा उलगडा केला होता. परंतु एकाच आईच्या पोटीं तीन प्रकारच्या मुली कशा निपजतात, हें कोडें पुढें जवळजवळ दीडशें वर्षें राहिलें. २०१४ मध्यें कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, हें सारें मुख्यतः एका जनुकाच्या निरनिराळ्या रूपांमुळें होतें, आणि तें जनुक एरवीं नर-मादी हा भेद घडविण्याचें काम करीत असतें. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हें पुस्तक ज्या मराठी घरांत वाचलें गेलें आहे, तेथें कुंटे ह्यांचा परिचय करून देण्याचें कारण नाहीं. ज्या प्रश्नानें वॉलेस थबकला आणि ज्याचें उत्तर एका मराठी माणसाच्या हातून पुरें झालें, तो प्रश्न आपल्या फोडणीच्या कढीपत्त्यावर बसलेला असतो, आणि आपण पानें निवडतांना तो 'ईऽ' करून मोरींत झटकतों.

ह्याच कुळांतील आणखी एकाचा उल्लेख केला पाहिजे. २०१५ मध्यें महाराष्ट्र शासनानें 'ब्लू मॉर्मन' ह्या मोठ्या, काळ्या-निळ्या फुलपांखरास राज्य-फुलपांखराचा मान दिला. असा मान देणारें हें भारतांतील पहिलें राज्य. मराठींत त्यास राणी पाकोळी असें नांव मिळालें. ह्या राणीसाहेबांचें बालपण माकडलिंबू, पपनस आणि लिंबाच्या जातीच्या झाडांवरच जातें. म्हणजे शासनानें गौरव करावा आणि प्रजेनें परसांत विष घालावें, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, फुलपांखराचें कौतुक आम्हांसही आहे. शिसारी येते ती सुरवंटाची. आम्हांस ह्या शिसारीविषयीं शंका आहे. ती उपजत असती तर मृग नक्षत्राच्या पहिल्या सरीनंतर मातीवर दिसणारा तांबडा मखमली किडा पोरांनीं काड्यापेटींत गोळा केला नसता. तो तर आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यांतला. पण मुलें त्यास तळहातावर घेऊन गालास लावतात. संस्कृत कवींनीं त्याला इंद्रगोप असें राजस नांव दिलें आहे. शिसारी मुलांस आपण शिकवितों, तीही विसंगत. ज्या घरांत रेशमी सोंवळ्यावांचून देवास पाणी पडत नाहीं, त्या घरांत सुरवंट पाहून किंकाळी फुटते. आणि तें सोंवळें म्हणजे सुरवंटाच्या लाळेचा धागा होय, दुसरें कांहीं नाहीं. पंचामृतांतील मध माशीच्या पोटांतून आलेला. लाखेच्या बांगड्या आणि पायांस लावावयाचा अळिता ज्या किड्यापासून होतो, तो जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाचा दूरचा नातलग आहे. औदुंबराचीं फळें आंतून सूक्ष्म माश्यांनीं भरलेलीं असतात, आणि त्या माश्या नसतील तर औदुंबरास बीं धरावयाचें नाहीं. आपलें धर्मकृत्य किड्यांवांचून एक दिवस चालत नाहीं. मग त्यांच्याकडे नीट पाहण्यास हरकत कोणती?

पाहणें म्हणजे काय, ह्याचें उदाहरण म्हणून एका बाईची हकीकत येथें देतों. मारिया सिबिला मेरियान ही १६४७ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं जन्मली. तेराव्या वर्षीं ती रेशमाचे किडे पाळूं लागली. त्या काळीं युरोपांत पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती कीं, किडे चिखलांतून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात. फ्रांचेस्को रेदी ह्या इटालियन पंडितानें मांसावर जाळीचें कापड बांधून ही समजूत खोटी ठरविली ती १६६८ मध्यें. मेरियान कोणत्याही विद्यापीठांत गेली नव्हती. संसार व मुली सांभाळून ती सुरवंट पाळी आणि प्रत्येकाचें अंडें, कात, कोश, फुलपांखरूं व खाण्याचें झाड हीं सारीं एकाच चित्रांत काढी. सुरवंटांवरील पहिलें पुस्तक १६७९ मध्यें निघालें. पुढें १६९९ मध्यें, बावन्न वर्षांची असतां, धाकट्या मुलीस घेऊन ती जहाजानें दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला गेली. केवळ तिकडचे किडे पाहावयाचे म्हणून! दोन वर्षांनीं आजारानें परतावें लागलें, पण १७०५ मध्यें तिचा जो चित्रग्रंथ प्रसिद्ध झाला, तो आजही जगांतील मोठ्या ग्रंथालयांत जतन करून ठेविलेला आहे. कंपासपेटींत सुरवंट ठेवणारें मूल घरांत असणें ही काळजीची गोष्ट आहे असें आम्हांस वाटत नाहीं, तें ह्यामुळें.

ज्यांच्याकडे लिंबोणी नाहीं, त्यांनीं देवाच्या फुलांसाठीं लावलेल्या कण्हेरीच्या पानांखालीं पावसाळ्यांत डोकावून पाहावें. तेथें कधीं कधीं चांदीच्या लोलकासारखा एक कोश लोंबत असतो. तो इतका लखलखीत असतो कीं त्यांत पाहणाराच्या चेहऱ्याची पुसट आकृति उमटते. धातूचा त्यांत अंशही नसतो; कोशाच्या आवरणांत अत्यंत पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवरून प्रकाश परावृत्त होऊन ही झळाळी येते. ह्या चांदीच्या डबींतून निघणारें 'कॉमन क्रो' नांवाचें फुलपांखरूं मात्र अगदीं साधें, तपकिरी असतें. शनिवारीं मारुतीस माळ करण्यासाठीं रुईचीं पानें तोडतांना काळ्या, पिवळ्या व पांढऱ्या वळ्यांचा एक सुरवंट हातीं लागतो, तोही असाच पाहण्यासारखा. रुईचा चीक आपल्या अंगावर येऊं नये म्हणून तो पान खाण्यापूर्वीं त्याची शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडतो. नळ दुरुस्त करणारा आधीं मुख्य चावी बंद करतो, त्यांतलीच ही अक्कल.

आतां बरणीविषयीं. लिंबोणी मोठी असेल तर पांच-पंचवीस सुरवंटांनीं ती मरत नाहीं. पुढच्या पालवीस ती भरपाई करते. रोप लहान असेल तर मात्र सुरवंट हातानें उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर सोडावेत, आणि दोन-तीन बरणींत ठेवावेत. बरणींत रोज त्याच झाडाचीं ताजीं पानें पुसून घालावींत, विष्ठा काढून टाकावी, पाणी सांचूं देऊं नये, तोंडास मलमलीचा तुकडा बांधावा आणि आंत एक उभी काडी ठेवावी. कोश झाल्यावर हलवाहलव करूं नये. फुलपांखरूं बाहेर येतें तेव्हां त्याचे पंख ओल्या कापडाच्या बोळ्यासारखे असतात. तें काडीस लटकून ते पसरतें आणि वाळवितें, ह्यास तासभर तरी लागतो. त्या वेळीं तांबूस पाण्याचा एक थेंब गळतो. तें रक्त नव्हे, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें. कोश उकलतांना मदत म्हणून कोणीही नख लावूं नये, कारण त्यानें पंख कायमचे चुरगळतात. एकत्र कुटुंबांत अशी मदत करणारें कोणी ना कोणी असतेंच, म्हणून बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यावर असलेली बरी.

येथवर वाचून कोणी आम्हांस अहिंसेचे प्रचारक समजूं नये. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यांत जे केसाळ सुरवंट पुंजक्यानें बसतात, त्यांचा केंस लागला तर अंगावर गांधी उठतात. त्यांस मुलांनीं हात लावतां कामा नये, आणि घराजवळचें खोड साफ करणेंच योग्य. मावा फार झाला तर पाण्याच्या जोरदार धारेनें किंवा रिठ्याच्या पाण्यानें तो धुवावा; तत्पूर्वीं मात्र त्यांत काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिलासारखी दिसणारी अळी हिंडते कीं काय तें पाहावें. ती पाठीवर ठिपके असलेल्या तांबड्या वाटोळ्या किड्याची अळी. मावा हेंच तिचें अन्न, आणि तिलाच 'नवीन कीड' समजून लोक आधीं मारतात. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीविषयीं तर आम्ही कांहीं रदबदली करणार नाहीं. तिच्या शिंपल्यावरील तपकिरी लहरी सुंदर आहेत हें खरें. त्याच सौंदर्यावर लुब्ध होऊन विल्यम बेन्सन ह्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानें १८४७ मध्यें मॉरिशसहून तशा दोन गोगलगायी कलकत्त्यास आणल्या, आणि तिचा पसारा आज देशभर झाला आहे. २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड आदि जिल्ह्यांत गोगलगायींनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें फस्त केलीं, तेव्हां तेथील शेतकऱ्यांस सौंदर्याच्या गोष्टी सांगणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें झालें असतें. परसांत ती दिसली तर उघड्या हातानें उचलूं नये. रात्रीं गुळाच्या पाण्यांत भिजविलेलें गोणपाट ठेवावें, सकाळीं त्याखालीं जमलेल्या गोगलगायी चिमट्यानें वेंचून मिठाच्या पाण्यांत टाकाव्यात.

शेतकऱ्याची आणि आपली गोष्ट एक नव्हे, हेंच आम्हांस सांगावयाचें आहे. त्याचें पोट पिकावर असतें, तरीही विषाचा सौदा त्यास किती महाग पडतो हें २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यानें पाहिलें. कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जें द्रव्य धडधाकट माणसांचा प्राण घेतें, त्याच्याच जातीचें द्रव्य एका लिंबोणीच्या पालवीसाठीं, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दहा हातांवर, आपण कोणत्या निकडीनें वापरावयाचें? बाटलीवरील चौकोनांत रंगीत त्रिकोण छापलेला असतो: लाल म्हणजे अतिजहाल, त्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटीं हिरवा. धाकट्या चिरंजीवांनीं तो त्रिकोण सर्वांसमोर मोठ्यानें वाचून दाखवावा, म्हणजे वाद आपोआप मिटेल असा आमचा तर्क आहे. दिरांच्या जीवहत्येच्या मुद्यापर्यंत जाण्याची पाळीच येणार नाहीं.

पत्रांत बाईंनीं ओघांत लिहिलें आहे कीं, पूर्वीं माजघरांत तसबिरींमागें चिमण्या घरटीं करीत, त्या आतांशा येत नाहींत. चिमण्या उणावण्याचीं कारणें अनेक आहेत. तसबिरी गेल्या, वळचणी गेल्या. पण चिमणी स्वतः दाणे खाऊन राहत असली तरी पिलांस ती दाणे भरवीत नाहीं, किडे आणि अळ्या भरविते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जर्मनींत राखीव रानांमध्यें उडणाऱ्या किड्यांचें वजन करण्याचें काम कांहीं हौशी मंडळींनीं सत्तावीस वर्षें नेटानें केलें. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला, तो असा कीं हें वजन त्या अवधींत तीनचतुर्थांशाहून अधिक घटलें. आमच्या परसांतील अशी मोजदाद कोणीं ठेविलेली नाहीं. लिंबोणीवरील सुरवंट नाहींसे करून चिमणीची वाट पाहणें मात्र व्यर्थ आहे, येवढें हिशेबाशिवायही कळतें.

दिरांस भागवताची गोडी असावी असें पत्रावरून दिसतें, म्हणून त्यांच्यासाठीं अखेरीस थोडें लिहितों. एकादश स्कंधांत यदुराजास आपल्या चोवीस गुरूंचीं नांवें सांगणाऱ्या अवधूतानें कोळी, पतंग, मधमाशी आणि कुंभारीण ह्या चौघांस गुरुपद दिलें आहे. कुंभारिणीविषयीं तेथें सांगितलें आहे तें असें कीं, ती अळीस मातीच्या घरांत कोंडते आणि अळी भयानें तिचेंच ध्यान करतां करतां तिच्या रूपास पावते. हें निरीक्षण ज्यानें कोणीं प्रथम केलें त्याची दृष्टि पक्की होती: मडक्यांत गेली अळी, बाहेर आली कुंभारीण. मधला भाग त्यास दिसूं शकला नाहीं. कुंभारीण नांगी मारून अळीस बधिर करते, मारीत नाहीं. मडक्यांत तिचें स्वतःचें अंडेंही असतें, आणि शेवटीं ती तोंड लिंपून टाकते. अंड्यांतून निघालेलें पोर ती ताजी शिदोरी खाऊन वाढतें आणि मडकें फोडून उडून जातें. ध्यानाची कथा अधिक रमणीय, हें आम्ही कबूल करतों. परंतु बोटाच्या पेराएवढें, गळा काढलेलें तें मडकें एकट्या मादीनें चाकावांचून, तोंडांतून ओल्या मातीच्या गोळ्या आणून घडविलेलें असतें, हें कांहीं कमी नव्हे. लिंबोणीवरचे कांहीं लहान सुरवंटही बहुधा तिच्याच कोठारांत जमा होत असतील. आपल्या बाटलीची तिला गरज नाहीं.

दिवाळीच्या साफसफाईंत दाराच्या चौकटीवर किंवा देवघराच्या कोनाड्यांत असें मडकें आढळलें, तर खरवडण्यापूर्वीं दिवा धरून पाहावें. बाजूस वाटोळें भोंक असेल तर घर रिकामें झालेलें आहे, खुशाल पुसावें. तोंड लिंपलेलें असेल तर आंत कोणी निजलें आहे, आणि त्यास आणखी पंधरा-वीस दिवस पुरतील. वाळवीविषयीं आलेल्या पत्रांचा परामर्श पुढील अंकीं घेऊं.